फोटोत भाग दिसतो, क्रमांक दिसत नाही

बिघडलेल्या घरगुती यंत्राचा सुटा भाग मोबाईलवरील छायाचित्रावरून ओळखण्याची धडपड आज शहरातील असंख्य घरांत चालते. कॅमेरे सुधारले, चित्र पाहून वस्तू सांगणारी साधने आली, तरी ही धडपड संपलेली नाही. कारण दुरुस्तीला लागणारी नेमकी माहिती छायाचित्रात नसतेच; ती कंपनीच्या कपाटात असते.

मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेलगतची तपकीर गल्ली या सुट्या भागांच्या जुन्या बाजारपेठा. तेथे पूर्वी गिऱ्हाईक येई ते रुमालात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी गुंडाळून. मिक्सरचा झिजलेला कपलर, कुलरचा जळका पंप, नाव माहीत नसलेली एखादी चकती. काउंटरवर तो ऐवज ठेवला की दुकानदार तो बोटांत फिरवून पाही, मागच्या खोक्यांपैकी एकात हात घाली आणि तसाच दुसरा नग समोर ठेवी. आता गिऱ्हाईक खिशातून मोबाईल काढते. दुकानदार फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहतो, क्षणभर विचार करतो आणि बहुतेक वेळा जुनेच वाक्य ऐकवतो, ‘जुना नग घेऊन या.’

दुकानदाराच्या या उत्तरात आडमुठेपणा नसतो. एकदा विकलेला इलेक्ट्रिकचा माल परत घेण्याची या धंद्यात रीत नाही. फोटोवर विसंबून दिलेला भाग बसला नाही तर भांडण दोघांचेही होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

दुकानापर्यंत येण्याआधीही त्या फोटोचा बराच प्रवास झालेला असतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हे काय आहे, कोणी सांगेल का’ या प्रश्नासह तो फिरतो. इंजिनीअर भाच्याकडे जातो, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे जातो. २०१७ मध्ये आलेल्या ‘गुगल लेन्स’ने आणि २०२३ नंतर चित्रे ‘वाचू’ लागलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या प्रवासात आणखी एका मुक्कामाची भर घातली. तेथून उत्तर लगेच येते आणि ते ठामही असते. ते बरोबर असतेच असे नाही.

सारखा दिसणारा, पण तो नव्हे

यंत्राचा भाग ओळखणे म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधणे होय. ही वस्तू काय आहे, हा पहिला प्रश्न. आणि हिच्या जागी नेमकी कोणती वस्तू बसेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर छायाचित्र बऱ्यापैकी देते. दुसऱ्याचे क्वचितच देते, आणि पैसे खर्च होतात ते दुसऱ्या उत्तरावर.

मिक्सरच्या कपलरचेच पाहा. मोटरची गती भांड्यातील पात्यांपर्यंत पोहोचविणारा हा छोटा रबरी किंवा नायलॉनचा भाग. भांडे अडकले किंवा जास्त भार आला की तोच आधी झिजतो. छायाचित्रात त्याचे दात मोजता येतात. परंतु आतील आट्यांचा व्यास, त्यांची जाडी, भागाची उंची यांपैकी काहीच कळत नाही. अनेक मिक्सरमध्ये हे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने फिरवणारा माणूस तो सैल करण्याऐवजी अधिकच घट्ट करीत राहतो, हा आणखी वेगळा त्रास. याच मिक्सरच्या तळाशी बहुधा एक छोटे लाल बटण असते. भार वाढल्यावर मोटर बंद पाडून तिला वाचविणारी ती सोय आहे आणि मिक्सर थंड झाल्यावर ते बटण दाबले की तो पुन्हा सुरू होतो. कित्येक ‘बंद पडलेल्या’ मिक्सरांची दुरुस्ती एवढीच असते. येथे मात्र एक साधा फोटो आणि एक जाणकार शेजारी मेकॅनिकची फेरी वाचवू शकतात, हे मान्य केले पाहिजे.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रात उलट अनुभव येतो. त्यातील फ्लो रिस्ट्रिक्टर आणि चेक व्हॉल्व्ह हे दोन्ही पांढरे, बोटाएवढे, दोन्ही टोकांना नळी अडकणारे आणि अंगावर बाण असलेले भाग. फोटोत ते भावंडे वाटतात. एकाचे काम वाया जाणाऱ्या पाण्याला ठरावीक अटकाव करून मेम्ब्रेनवर दाब राखण्याचे, तर दुसऱ्याचे काम पाणी उलट येऊ न देण्याचे. शिवाय फ्लो रिस्ट्रिक्टरच्या अंगावर त्याच्या प्रवाहाचा आकडा छापलेला असतो. तो आकडा चुकला तर एकतर पाणी अकारण वाया जाते किंवा महागडा मेम्ब्रेन वेळेआधी चोंदतो. चूक लगेच लक्षात येत नाही, हे विशेष. यंत्र सुरू असते, पाणीही येत असते.

याउलट जेथे अंगावर छापलेला मजकूर शाबूत असतो तेथे काम सोपे होते. धुलाई यंत्राच्या पट्ट्यावर ‘१२७० जे ३’ असे काहीसे लिहिलेले असते. पहिला आकडा लांबीचा, मिलिमीटरमध्ये. ‘जे’ हा पट्ट्याच्या आकाराचा प्रकार आणि ३ ही त्यावरील उभ्या धारांची संख्या. हे एकदा कळले की पट्टा कोणत्या कंपनीच्या यंत्रातून निघाला याला फारसे महत्त्व उरत नाही. दुर्दैवाने जो भाग बदलायला निघतो तो बहुधा जळलेला, घासलेला किंवा क्षार चढलेला असतो आणि पुसली गेलेली अक्षरे नेमकी हवी तीच असतात.

नावांचा घोळ तर निराळाच. छताच्या पंख्यातील कपॅसिटरला आपल्याकडे घराघरांत आणि दुकानांतही सर्रास कंडेन्सर म्हणतात. फ्रिजचा कंडेन्सर म्हटले की तो मागची काळी जाळी असतो. पुढून उघडणाऱ्या धुलाई यंत्राच्या दाराचे रबर मेकॅनिकच्या तोंडी ‘बेलो’ असते आणि कंपनीच्या बिलावर ‘गॅस्केट’. घरात त्याला नावच नसते. कुकरच्या गॅस्केटला ‘रिंग’ म्हणणाऱ्या बाजारात हे स्वाभाविक आहे. तथापि नाव धड ठाऊक नसलेली वस्तू शब्दांनी शोधता येत नाही, म्हणूनच ग्राहक चित्राकडे वळतो, हेही ध्यानात घ्यायला हवे.

‘डायरेक्ट’ करण्याची किंमत

चुकीचा कपलर आणला तर फार तर शंभर-दीडशे रुपये वाया जातील. सर्व भागांच्या बाबतीत मात्र चूक इतक्या स्वस्तात निभावत नाही. इस्त्री, भात शिजविण्याचा इलेक्ट्रिक कुकर, विनातुषार फ्रिज अशा अनेक यंत्रांत थर्मल फ्यूज असतो. शेंगदाण्याहून लहान, दोन्ही बाजूंना तारा असलेली ही नळी ठरलेल्या तापमानाला कायमची तुटते आणि वीज बंद करते. ते तापमान तिच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेले असते. इस्त्रीतील फ्यूज आणि फ्रिजमधील फ्यूज यांच्या तुटण्याच्या तापमानात मोठी तफावत असते. छायाचित्रात दोघेही सारखेच दिसू शकतात. फ्रिजमधील बर्फ वितळविणाऱ्या हीटरच्या संरक्षणासाठी इस्त्रीचा फ्यूज बसविला तर तो तुटायला हवा तेव्हा तुटणार नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे भाग ओळखता येत नाही किंवा मिळत नाही म्हणून दोन तारा थेट जोडून देणे. या कसबाला ‘डायरेक्ट करून दिले’ असे म्हणतात. यंत्र सुरू होते, गिऱ्हाईक खूश होते आणि संरक्षणाची एक पायरी गुपचूप नाहीशी होते. साठवणुकीच्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारा कटआउट हे दोन भाग शेजारी-शेजारी असतात. थर्मोस्टॅट अडकला की भिस्त कटआउटवर, आणि त्याउपर वाढलेला दाब बाहेर सोडणाऱ्या सुरक्षा झडपेवर. यांपैकी एकाला ‘डायरेक्ट’ करणे आणि गळते म्हणून झडपेला बूच मारणे ही दोन्ही कामे एकाच घरात होऊ शकतात. ती करणारी माणसे वेगवेगळी असतात, म्हणून एकत्र धोका कोणालाच दिसत नाही.

मायक्रोवेव्हबाबत तर घरच्या घरी फोटो काढण्यासाठीदेखील झाकण उघडू नये. त्यातील उच्च दाबाच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. आतल्या भिंतीवरचा जळलेला पुठ्ठ्यासारखा तुकडा, म्हणजे मायका, तेवढा बाहेरूनच दिसतो आणि तो मोजून, मापाने कापून बदलता येतो. धातूचे बाह्य आवरण काढून आत डोकावणे हे काम प्रशिक्षित माणसाचे.

सुरक्षेचा हा मुद्दा कंपन्या नेहमी पुढे करतात आणि तो खोटा नाही. सुटे भाग आणि त्यांची माहिती खुली केली तर अप्रशिक्षित हात यंत्रात शिरतील, बनावट भागांचा सुळसुळाट होईल, असे त्यांचे म्हणणे असते. परंतु माहिती बंद ठेवल्याने ते हात यंत्रापासून दूर राहिले, असे कोठे दिसते? ते शिरतातच, फक्त योग्य तापमानाचा आकडा ठाऊक नसताना शिरतात. बनावट भागाचेही तसेच. अस्सल भागाचा क्रमांक आणि किंमत ग्राहकाला ठाऊक नसली की बनावट ओळखायला त्याच्याकडे मापच उरत नाही.

पंखा बदलला, प्रश्नही बदलला

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न आणखी कठीण झाला आहे आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण डोक्यावरच फिरत असते. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा मंद झाला की संशय आधी कपॅसिटरवर जातो. त्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असा आकडा असतो, सोबत ४४० व्होल्टचा उल्लेख असतो. कंपनी कोणतीही असो, तोच आकडा असलेला भाग गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पन्नास-शंभर रुपयांच्या आत मिळतो. आकडा चुकला, जास्त क्षमतेचा बसविला, तर वाइंडिंग तापण्याचा धोका असतो. पण आकडा वाचता आला की काम फत्ते. एका अर्थाने हा भाग साऱ्या बाजाराचा होता, एका कंपनीचा नव्हता.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाले आणि बीएलडीसी पंख्यांना वेग आला. जुना पंखा ७० ते ८० वॅट वीज खातो, तर हा नवा साधारण ३० ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. विजेच्या बिलाच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र या पंख्यात तो जुना, सर्वांना ठाऊक असलेला कपॅसिटर नाही. त्याच्या जागी मोटर चालविणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे आणि ते त्या-त्या कंपनीच्या, बहुधा त्या-त्या मॉडेलच्या मोटरशी जुळविलेले असते. ते जळले तर त्याचा कितीही स्वच्छ फोटो काढला तरी ‘पंख्याचे सर्किट’ यापलीकडे काही निष्पन्न होत नाही. गल्लीतला इलेक्ट्रिशियन हात वर करतो. हमीचा काळ संपला असेल, मॉडेल बंद झाले असेल, तर एका सर्किटपायी उरलेला धडधाकट पंखा, म्हणजे तांब्याचे वाइंडिंग, बेअरिंग, पाती, सारे भंगारात निघते.

इन्व्हर्टर तंत्राचे फ्रिज आणि धुलाई यंत्रे यांची कहाणी वेगळी नाही. यांत्रिक भाग घटले, सर्किट वाढले. अनेक सर्किटांवर ओलाव्यापासून संरक्षणासाठी रेझिनचा थर ओतलेला असतो. त्याखाली काय आहे ते कॅमेऱ्यालाच काय, डोळ्यालाही दिसत नाही. स्वतंत्र काम करणारे मेकॅनिक अशा वेळी आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्किटचा फोटो टाकून ‘कोणाकडे जुने पडले आहे का’ असे विचारतात. भंगारातल्या एका यंत्रावर दुसरे यंत्र जगवायचे, हा त्यातला मार्ग. तो काटकसरीचा आहे, कौतुकाचाही आहे; पण ज्याच्या पोटापाण्याचा हा व्यवसाय आहे त्याने भंगाराच्या नशिबावर अवलंबून राहावे, ही स्थिती भूषणावह नव्हे.

यादी कोणाकडे आहे?

प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो. यंत्र उलगडून दाखविणारी आकृती, तीतील प्रत्येक तुकड्यापुढे आकडा आणि त्या आकड्यापुढे भागाचे नाव, अशी यादी कंपनीकडे तयार असतेच. त्याविना कारखाना आणि सेवा केंद्र चालणार नाही. अधिकृत सेवा केंद्राचा तंत्रज्ञ मॉडेल क्रमांक टाकतो आणि भाग मागवितो. त्याला फोटोवरून ओळखपरेड करावी लागत नाही. अमेरिकेत अशा आकृत्या बऱ्याच मोठ्या प्रमाणावर सर्वांसाठी खुल्या असतात. तेथील मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यांनी घरगुती उपकरणांचे भाग, साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना देणे उत्पादकांवर बंधनकारक केले आहे.

युरोपीय संघाने याहून तपशिलात जाऊन विचार केला. १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या तेथील नियमांनुसार धुलाई यंत्राचे ठरावीक भाग, त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रिजच्या बहुतेक भागांसाठी ही मुदत सात वर्षे आणि दाराच्या रबरासाठी दहा वर्षे आहे. मागणी नोंदविल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत भाग पोहोचवायचा असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुट्या भागांची यादी आणि ते मागविण्याची पद्धत उत्पादकाने खुल्या संकेतस्थळावर द्यायची असते. सुरक्षेच्या आक्षेपालाही तेथे उत्तर आहे. दार, बिजागरी, रबर, साबणाचा कप्पा असे भाग थेट ग्राहकाला. मोटर, पंप, हीटर, सर्किट असे भाग व्यावसायिक कारागिराला. म्हणजे घरच्या माणसाने कोठवर जावे याची रेषा नियमानेच आखली गेली. २०२४ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या निर्देशाने त्यात भर घातली असून सदस्य राष्ट्रांना त्याच्या अंमलबजावणीसाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरवून देण्यात आली.

भारतात या विषयाची सुरुवात घराऐवजी रस्त्यावरून झाली. मोटारींचे सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली, तरी बौद्धिक संपदा आणि सुरक्षा ही कारणे सांगून सुटे भाग सरसकट अडवून धरता येणार नाहीत, हा आयोगाचा विचार नोंदला गेला. त्यानंतर केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. अनेक कंपन्यांनी त्यावर नोंदणी केली. परंतु त्यांचा सहभाग ऐच्छिक आहे. भागनिहाय आकृती आणि क्रमांक देण्याची सक्ती नसल्याने मिक्सरचा तुटका कपलर हातात घेऊन बसलेल्या ग्राहकाची अडचण तेथे सुटत नाही. त्याला हवा असतो एक क्रमांक. त्याच्या हाती लागतो सेवा केंद्राचा पत्ता किंवा दूरध्वनी.

मे २०२५ मध्ये विभागाला दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाविषयीचा अहवाल मिळाला. यंत्र उघडायला किती सोपे, स्क्रू कोणते, साधने कोणती लागतात, सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती दिली आहे का, सॉफ्टवेअर किती काळ अद्ययावत राहते, या निकषांवर उत्पादकाने स्वतःच गुण जाहीर करावेत आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी तसेच वेष्टनावरील क्यूआर कोडद्वारे दिसावेत, अशी ही कल्पना. कल्पना चांगली आहे. मात्र अहवालाचा पहिला टप्पा मोबाईल आणि टॅबलेट यांच्यापुरता ठेवण्यात आला. अग्रक्रमाचे भाग म्हणून त्यात बॅटरी, पडदा, कॅमेरा, चार्जिंगचे तोंड यांची गणना आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ रोजी असाच निर्देशांक आणला तेव्हा पहिल्याच यादीत मोबाईलच्या जोडीला धुलाई यंत्र होते. आपल्या समितीने घरगुती टिकाऊ वस्तू २०२२ मध्येच विचारात घेतल्या होत्या, हे पाहता स्वयंपाकघराला मागच्या रांगेत बसविण्याचे कारण समजणे कठीण आहे. मोबाईल दोन-तीन वर्षांत बदलणारी माणसेही फ्रिज दहा-बारा वर्षे वापरतात. दुरुस्तीची गरज अधिक काळ पडते ती तेथे.

दरम्यान, बाजाराचा ओढा नव्या खरेदीकडे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे आणि डिशवॉशर यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नोंदणीकृत सेवा केंद्राच्या दुरुस्ती बिलावरील १८ टक्के जागच्या जागी राहिले. नवी वस्तू आणि तिची दुरुस्ती यांना एकच दर लागत असेल, आणि त्यात दुरुस्तीच्या बाजूने भाग मिळेल की नाही ही अनिश्चितता असेल, तर घरातला हिशेब कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. पण ती यंत्र मोडीत निघाल्यानंतरची. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी केलेल्या मोजणीनुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. एका कपलरपायी टाकलेला मिक्सर या ढिगात कोठे शोधायचा?

तूर्त घराघरांत चालते ते फोटोवरच. त्यात थोडी शिस्त आली तरी बराच मनस्ताप वाचतो, असे या धंद्यातील जुनी माणसे सांगतात. भाग काढण्याआधी तारा कोठे जोडल्या आहेत याचा एक फोटो, काढल्यावर दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून आणखी दोन, आणि अंगावरच्या अक्षरांचा जवळून एक. सर्वांत उपयोगी फोटो मात्र त्या भागाचा नसतोच. तो असतो यंत्रावरच्या माहितीपट्टीचा. पुढून उघडणाऱ्या धुलाई यंत्राच्या दाराच्या कडेला, फ्रिजच्या आतल्या भिंतीवर, मिक्सरच्या तळाला चिकटविलेल्या त्या पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो. नवीन यंत्र घरी येते त्याच दिवशी ती पट्टी टिपून ठेवावी, कारण पाण्याने आणि पुसापुशीने तीच आधी पुसट होते.

युरोपात आणि भारतात दोन्हीकडे यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांना तेथील ग्राहकांसाठी सुट्या भागांची यादी जाहीर करावीच लागते. ती त्या करतात. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला ती तशी उघडून पाहण्याची सोय नाही; त्याच्याकडे आहे वीस-पंचवीस वर्षांची आठवण, खोक्यांवर पेनाने लिहिलेली नावे आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचे ते वाक्य.